बंदुकीच्या नळीवरील मजकूर

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने बंदुकीवर ठोकलेले नाव, क्रमांक किंवा ओळखीची अन्य कोणतीही खूण पुसणे, बदलणे अथवा खोटी उमटविणे हा अपराध ठरविला आहे. आणि अशी खूण नाहीशी झालेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती नाहीशी केली, असे विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत गृहीत धरण्याची तजवीजही त्याच कलमात आहे. कायदा करणाऱ्यांची दृष्टी गुन्हेगाराकडे होती आणि ती तशी असणे योग्यच होते. परंतु ज्या खुणांना हे कलम संरक्षण देते, त्यांना पोलिसी तपासाखेरीज दुसरेही एक मोल आहे, आणि ते इतिहासाचे आहे. त्या मोलाची दखल आपल्याकडे कायद्याने घेतली नाही, संग्रहालयांनी बेताचीच घेतली, आणि ज्यांच्या घरी या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांनी तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी विटेच्या चुऱ्याने अथवा काचकागदाने त्या खुणा घासून काढण्याचेच काम निष्ठेने केले आहे. हा प्रकार थांबावा आणि उरलेल्या खुणांची रीतसर नोंद व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

महाराष्ट्राला कागद वाचण्याची विद्या अवगत आहे, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, तेव्हापासून मोडी कागदावरचा शिक्का कोणाचा, मोर्तब कोठे उमटले आहे, तिथी-वाराचा मेळ बसतो की नाही, कागदाची जात त्या काळाशी जुळते की नाही, या प्रश्नांची उत्तरे देणारी अभ्यासकांची एक परंपराच येथे निर्माण झाली. ज्या राज्याचे हे कागद, त्याच्या लढाया मात्र लोखंडाने झाल्या. आणि ते लोखंड वाचण्याची विद्या आपण जवळजवळ परक्यांवर सोपवून दिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या हातशस्त्रांवर डेव्हिड हार्डिंग या इंग्रज संशोधकाने चार जाडजूड खंड लिहिले. ज्यांच्यावर ती शस्त्रे रोखली गेली, त्यांच्या वंशजांपैकी कितीजणांना त्या शस्त्रांवरील एकही खूण ओळखता येते, याचा विचार मनात आला की खेद वाटल्यावाचून राहत नाही.

या खुणा मुळात उमटल्या कशा, हे प्रथम पाहिले पाहिजे. बंदुकीची नळी सदोष असली तर ती शत्रूऐवजी बार काढणाऱ्याचाच प्राण घेते. म्हणून नळी बाजारात जाण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक दारू ठासून, दूर उभे राहून बार उडवायचा आणि त्यातून ती निभावली तरच तिच्यावर छाप मारायची, असा दंडक युरोपात पडला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. त्यांच्या छापात मुकुटाखाली ‘व्ही’ हे अक्षर असले तर नळी डोळ्यांनी तपासली गेली असे समजावे, आणि मुकुटाखाली ‘जी’ व ‘पी’ ही अक्षरे गुंफलेली असली तर तिने बाराची परीक्षा पार केली असे समजावे. बर्मिंगहॅम या कारखानदारांच्या नगरात खासगी छापांची बेबंदी पुष्कळ काळ चालली. १८१३ साली पार्लमेंटने कायदा करून तेथे स्वतंत्र परीक्षागृह स्थापिले, आणि एकमेकांवर तिरपे टाकलेले दोन राजदंड, वर मुकुट व भोवती ‘बी-पी-सी’ ही अक्षरे असा तेथील छाप १९०४ पर्यंत चालू राहिला. बेल्जमच्या लिएज शहरातील परीक्षागृह तर १६७२ पासूनचे. त्याच्या लंबवर्तुळात ‘ई-एल-जी’ ही अक्षरे असतात, आणि त्या वर्तुळावर मुकुट बसला तो १८९३ साली. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी आपल्याकडे मुबलक आलेल्या बेल्जन दुनळींची एका दृष्टिक्षेपात दोन ढिगांत वाटणी करता येते.

कोकणातल्या अथवा देशावरच्या एखाद्या जुन्या वाड्यातील इंग्रजी दुनळी बंदूक घ्यावी आणि जाणकाराकडून तिच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून त्यांची खालची सपाट बाजू उजेडात धरावी. ही बाजू एरव्ही लाकडात झाकलेली असल्यामुळे तिच्यावर काचकागद फिरलेला नसतो, आणि बहुतेक मजकूर तेथेच असतो. तेथे ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द ठोकलेले दिसले, तर ती नळी १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतच परीक्षेला गेली होती, कारण तोंडाशी किंचित आवळलेल्या नळ्यांवर हा इशारा मारण्याचा नियम तेवढाच काळ अमलात होता. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत बारा हा आकडा आणि त्याखाली ‘सी’ हे अक्षर असेल, तर १८८७ च्या अलीकडची परीक्षा निश्चित. यातील बाराचा अर्थही पुष्कळांना ठाऊक नसतो: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यातील एकीचा जो व्यास, तो त्या नळीचा व्यास. बर्मिंगहॅमच्या मुकुटाखाली ‘एन’ व ‘पी’ ही अक्षरे आली ती १९०४ च्या नियमांनी, बिनधुराच्या नव्या दारूची परीक्षा दर्शविण्यासाठी. आणि ‘इंग्रजी बनावटीची नव्हे’ असा स्पष्ट मजकूर नळीवर आढळला, तर परदेशी नळी १९२५ ते १९५५ या काळात इंग्लंडातील परीक्षागृहातून गेली, असे समजावे. नळीच्या वरच्या बाजूस कोरलेले, सोन्याने भरलेले भपकेदार नाव पुष्कळ वेळा कलकत्त्याच्या अथवा मुंबईच्या विक्रेत्याचे असते. घरातील मंडळी ते अभिमानाने दाखवितात, परंतु काळनिर्णयाच्या कामी ते या लपलेल्या, ओबडधोबड ठशांच्या पासंगालाही पुरत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि माझ्या मते या विद्येचे मर्म तीतच आहे. खूण ही बंदुकीच्या जन्माची तारीख सांगत नसते. अमुक एका अधिकाऱ्याने, अमुक एका नियमान्वये, त्या विशिष्ट भागावर काय केले, एवढेच ती सांगते. १८८० साली घडविलेली नळी नव्या दारूसाठी १९१० साली पुन्हा परीक्षेला जाऊ शकते आणि मग तिच्यावर दोन्ही काळांचे छाप नांदतात; अशा वेळी अलीकडच्या छापावरून बंदूक अलीकडची ठरविणे म्हणजे, जुन्या इनामाची सनद पुढच्या अमदानीत कायम करून घेतली, तेव्हा त्या नूतनीकरणाच्या तारखेलाच इनामाचा आरंभ समजण्यासारखे आहे. रद्द झालेला छाप मात्र सहसा फसवीत नाही. ज्या वर्षी तो बंद झाला त्याच्या आधीच ती नळी अस्तित्वात होती, याबद्दल शंका उरत नाही. साक्षीदार पुष्कळ असले आणि प्रत्येकाला आपापल्या प्रसंगापुरतेच माहीत असले, तर न्यायाधीश जसा त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहतो, तसेच येथे करावे लागते.

लष्करी बंदुकांच्या बाबतीत तर ही ताडणी अधिकच आवश्यक होते, आणि आपल्या इतिहासाचा संबंधही तेथेच अधिक निकटचा आहे. इंग्रज सरकारच्या चकमकीच्या बंदुकांवर, घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेला असतो तिच्यावर, १७६४ पर्यंत कंत्राटदाराचे नाव आणि वर्ष कोरलेले असे. त्या वर्षापासून नाव व वर्ष दोन्ही गेले आणि त्यांच्या जागी ‘टॉवर’ हा एकच शब्द आला. लंडनच्या किल्ल्यातील सरकारी शस्त्रागाराचा हा निर्देश. तेथे बंदूक घडली असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे, कारण त्या बंदुकांचे कितीतरी भाग बर्मिंगहॅमच्या लोहारांनी घडविलेले असत. तरीही ‘टॉवर कंपनीची बंदूक’ असे फलक मी प्रदर्शनांतून वाचले आहेत, आणि त्याहून दुःखाची गोष्ट ही की, तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या केपाच्या बंदुकीखाली ‘शिवकालीन’ असा शब्द लिहिलेलाही पाहिला आहे. त्या टोपीचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. महाराजांच्या पदरच्या बंदूकधाऱ्यांनी तोड्याच्या बंदुकांनी जे पराक्रम केले, त्यांना अशा खोट्या भूषणाची गरज नाही. उलट त्यामुळे खऱ्या शिवकालीन शस्त्राकडे दुर्लक्ष होते.

कंपनीची स्वतःची खूण निराळी. हृदयाची आकृती, तिरप्या फुलीने तिचे चार भाग, त्यांत ‘व्ही-ई-आय-सी’ ही चार अक्षरे आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे चिन्ह: कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवर असणारे हे निशाण तिच्या शिपायांच्या बंदुकांवरही ठोकलेले असे. त्यातील ‘व्ही’ म्हणजे त्या काळच्या वळणाने लिहिलेला ‘यू’. ‘संयुक्त’ ईस्ट इंडिया कंपनी असा त्याचा विस्तार. आपल्याकडील नाणेसंग्राहकांना हे हृदय चांगले परिचयाचे आहे, कारण मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील टांकसाळीत १७९१ पासून पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस हेच निशाण आणि दुसऱ्या बाजूस तराजू व ‘अदल’ हा शब्द असतो. ते नाणे मखमलीच्या पेटीत जपले जाते आणि तेच निशाण ल्यालेली बंदूक माळ्यावर गंजत पडते, या विषमतेचे कारण मला कधीच उमगलेले नाही.

१८०८ साली कंपनीने हे हृदय सोडून पंजात मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आपल्या शस्त्रांवर घेतला. या एका फेरफाराने आपल्या इतिहासातील कितीतरी कुलकथांची परीक्षा होऊ शकते. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या रणांगणावर शिंद्यांच्या पलटणींसमोर उभ्या ठाकलेल्या कंपनीच्या शिपायाच्या हाती सिंहाची खूण असलेली बंदूक असणे शक्य नाही. म्हणून ‘आमच्या पूर्वजांनी असईस इंग्रजापासून हिसकावलेली’ म्हणून दाखविली जाणारी बंदूक सिंहाची निघाली, तर ती कथा तरी दुसऱ्या प्रसंगाची असली पाहिजे किंवा ती बंदूक तरी. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईशी मात्र तिचा काळ जुळू शकतो. आणि हृदयाची खूण निघाली, तर कथा सिद्ध होत नाही, पण तिला आधार मिळतो. ज्या घराण्यांजवळ कागद उरले नाहीत त्यांना एवढा आधारही थोडा नव्हे. कंपनीच्या या बंदुकांची एकोणचाळीस इंची नळी हीदेखील एक खूणच म्हटली पाहिजे. इंग्रजी फौजेची तत्पूर्वीची आखूड समजली जाणारी बंदूकही बेचाळीस इंची नळीची होती. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर शस्त्रे अपुरी पडली, तेव्हा इंग्रज सरकारने कंपनीच्या बंदुका उचलल्या, १७९७ पासून तोच नमुना ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने आपला मानला, आणि पुढे तो लाखांनी घडविला. तेव्हा हिंदुस्थानासाठी योजिलेले हे आखूड शस्त्र पुढे नेपोलियनविरुद्धही वापरले गेले.

एकाच शस्त्रावर अनेक काळ कसे नांदतात, याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण स्नायडर बंदुकीचे आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ चा वणवा भडकला, ती ठासणीची होती. १८६६ च्या सुमारास मागून काडतूस भरण्याची पद्धत स्वीकारली गेली, तेव्हा त्या असंख्य नव्याकोऱ्या रायफली मोडीत काढण्याऐवजी त्यांच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे बाजूस उघडणारा, बिजागरीचा ठोकळा बसविण्यात आला. परिणामी घोड्याच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ आणि १८५९ हे वर्ष, तर ठोकळ्यावर दशकानंतरच्या खुणा, असा देखावा दिसतो. आणि केवळ पट्टी वाचणारा गृहस्थ मागून भरण्याच्या त्या बंदुकीला निःशंकपणे सत्तावन्नच्या धामधुमीच्या काळात नेऊन बसवितो. त्यानंतरच्या मार्टिनी रायफलीचीही तीच कथा: एका बाजूस मूळ कारखान्याचे वर्ष, दुसऱ्या बाजूस १८९० च्या दशकात तिची नळी बदलून ती लहान व्यासाची केल्याचा दाखला.

पुढे ली-एन्फील्ड रायफलींचा काळ आला आणि छापांची शिस्त इतकी वाढली की, त्यांच्या मानेवरील कड्यावर राजाचा मुकुट, नावाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि नमुना हे सर्व एखाद्या फर्मानाच्या मायन्याप्रमाणे क्रमाने येऊ लागले. ‘व्ही-आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ‘ई-आर’ म्हणजे सातवा एडवर्ड, ‘जी-आर’ म्हणजे जॉर्ज. आणि कलकत्त्याजवळील ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफलींवर ‘जी-आर’च्या पुढे बादशहा या अर्थी ‘आय’ हे आणखी एक अक्षर. रुंद टोकाचा बाण ही सरकारी मालमत्तेची खूण. त्याखाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. आणि दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर सरकारने ते शस्त्र विकून टाकल्याचा तो दाखला. आमच्या पुण्याच्या खडकीत १८६९ साली दारूगोळ्याचा जो कारखाना सुरू झाला, त्याच्या काडतुसांच्या बुडाशी ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांमध्ये हाच बाण आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असत. दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या दूरच्या रणभूमीवर मातीत सापडलेल्या पितळी टोपणावर खडकीची ही अक्षरे वाचता येणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खोट्या खुणाही आहेत, आणि त्यांचा अभ्यास खऱ्यांइतकाच उपयोगी आहे. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः कोहाटजवळच्या दर्रा आदमखेल येथे, पठाण कारागीर इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला हातांनी घडवीत आले. पोलाद कापण्यात त्यांचा हातखंडा, परंतु रोमन लिपी अपरिचित असल्यामुळे ‘एन’ उलटा पडे आणि ‘एन्फील्ड’चे हिज्जे चुकत; शिवाय व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली, तरी १९०७ सालच्या रायफलीवर तिचीच आद्याक्षरे मुकुटासह विराजमान होत. मोडी कागदाची परीक्षा करणारा अभ्यासक जसा मृत राजाच्या नावाचा शिक्का पाहून थबकतो, तसाच येथे वाचकाने थबकावे.

आता या विद्येच्या आधारसामग्रीचे आपल्याकडे काय होत आहे, ते पाहू. लॉर्ड लिटनच्या अमदानीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले. त्या धास्तीने कित्येक शस्त्रे विहिरींत गेली, कित्येक जमिनीत पुरली गेली, आणि जी सरकारजमा झाली त्यांतील पुष्कळ मोडली गेली. तो परकीय अंमल होता. परंतु आजही मुदत संपलेल्या परवान्यांच्या, वारस नसलेल्यांच्या अथवा गुन्ह्यात जप्त झालेल्या बंदुका पोलिसांच्या मालखान्यात येतात आणि यथावकाश नष्ट केल्या जातात. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या नष्ट कराव्यात याला माझी हरकत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू अधिनियम लागू होतो, आणि कोणत्याही दुरुस्तीने वापरता न येणाऱ्या, पुराणवस्तूचे मूल्य असलेल्या शस्त्राला शस्त्र अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात सूटही आहे. पण एखादे शस्त्र शंभर वर्षांपूर्वीचे आहे की नाही, हे ठरवायचे कशावरून? परवान्यावर ‘एकनळी, ठासणीची’ एवढीच चार अक्षरे असतात. ज्या खुणांवरून वय ठरेल त्या कोणी वाचलेल्याच नसतात, आणि त्यामुळे कायद्याने दिलेले संरक्षण प्रत्यक्षात निरुपयोगी ठरते.

यावर दोन आक्षेप येतील, हे मी जाणतो. पहिला असा की, कोणाच्या घरी कोणते शस्त्र आहे याची यादी सिद्ध करणे चोरांना आमंत्रण देण्यासारखे आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे: अभ्यासाच्या नोंदीत मालकाचे नाव, गाव अथवा परवान्याचा क्रमांक असता कामा नये, केवळ जिल्हा, बंदुकीचा प्रकार, नळीची लांबी आणि सर्व छापांच्या छबी एवढे पुरे. दुसरा आक्षेप असा की, आधीच कामाने दबलेल्या पोलिसांवर हा बोजा का टाकावा? त्याला उत्तर आपल्याच व्यवहारात आहे. प्रत्येक निवडणुकीच्या वेळी परवानाधारकांपैकी अनेकांना आपल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुका त्या आठवड्यांत ठाण्याठाण्यांतून रांगेने उभ्या असतात. वानरांनी आणि रानडुकरांनी पिकांची नासधूस केल्याची शेतकऱ्यांची तक्रार तेवढ्या काळात रास्तपणे ऐकू येते. त्या आठवड्यांत जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहासाचे प्राध्यापक आणि त्यांचे दोन-चार विद्यार्थी, ठाणे अंमलदाराच्या परवानगीने आणि त्याच्या डोळ्यांदेखत, बंदूक न उघडता आणि न भरता, तिच्या दिसणाऱ्या खुणांवर कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने ठसे उतरवून घेऊ शकतील आणि तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतील. तेल, आम्ल किंवा वाळूचा स्पर्श लोखंडाला होऊ न देण्याची ताकीद त्यांना आधी दिलेली असावी. मालखान्यातील, नष्ट होण्याच्या यादीवर चढलेल्या शस्त्रांसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांनी एवढाच हुकूम काढावा की, खुणांची नोंद हाती आल्यावाचून शस्त्र भट्टीकडे रवाना होऊ नये. या सर्व नोंदींची एक प्रत राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे जावी आणि दुसरी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे, जेथे मोडी कागदांबरोबर त्यांचीही जुळणी करता येईल.